जंगलाची माती जिवंत, शेताची मेलेली?

काही वर्षांपूर्वी भोर तालुक्यातील एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणे आले होते. सौरचूल, ठिबक सिंचनाची प्रतिकृती, खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी हे नेहमीचे पाहून झाल्यावर एका टेबलावर दोन काचेच्या बरण्या दिसल्या. एकीवर ‘जंगल’ आणि दुसरीवर ‘शेत’ अशी चिठ्ठी. दोन्हींत माती. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘जंगलाची माती जिवंत, शेताची माती मेलेली.’

माती वरवे बुद्रुकची होती. पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूर आणि नसरापूर यांच्या दरम्यानचे हे गाव. गावामागच्या उतारावरच्या झाडीतली माती एका बरणीत, भातशेतीतली दुसरीत. प्रत्येक बरणीत मेणकिड्याच्या पाच अळ्या सोडल्या होत्या. दोन आठवड्यांत जंगलाच्या बरणीतल्या तीन अळ्या मेल्या आणि त्यांच्या अंगावर बुरशी आली. शेताच्या बरणीत एकही मेली नाही. तक्त्याच्या तळाशी निष्कर्ष होता : रासायनिक खतांनी शेतातील मित्रबुरशी नष्ट झाली आहे, म्हणून शेतकऱ्यांनी मित्रबुरशीची पाकिटे वापरावीत.

आम्ही त्या प्रयोगाला पहिला क्रमांक दिला. मुलांनी हाताने काम केले होते, पुस्तकातले चित्र उतरवले नव्हते, आणि विषय आमच्या जिव्हाळ्याचा होता. परंतु त्या निकालाची रुखरुख पुढे बरेच दिवस राहिली. बक्षीस देण्यात चूक नव्हती. तक्त्यावरचे ते वाक्य खोडायला आम्ही सांगितले नाही, ही चूक होती. तेच वाक्य आज शेतकरी मेळाव्यांतून, माहितीपत्रकांतून आणि पाकिटांच्या जाहिरातींतून ऐकू येते, आणि त्याच्या भरवशावर शेतकरी पैसे मोजतो. म्हणून त्या प्रयोगाची उशिरा का होईना, समीक्षा करावी असे वाटले.

आधी प्रयोगाच्या पद्धतीबद्दल. ती मुलांनी शोधलेली नव्हती, पण चांगली होती. जर्मनीत डार्मस्टाट येथे काम करणाऱ्या झिमरमान यांनी १९८६ साली ती मांडली आणि आज जगभर ती वापरली जाते. मातीत कीटकांना रोग करणारी बुरशी आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकातून शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. त्यापेक्षा मातीत आमिष सोडावे. मेणकिड्याची अळी हे फार सोयीचे आमिष. ती मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यांत वाढते, आणि मातीतल्या रोगजंतूंशी तिचा एरवी संबंध येत नसल्याने ती चटकन बळी पडते. बुरशी असेल तर ती अळीला शोधते असे नव्हे. अळी मातीत वळवळते आणि बीजाणू तिच्या अंगाला चिकटतात.

पुढे जे घडते ते वर्गात सांगण्यासारखे आहे. जिवाणू किंवा विषाणू कीटकाच्या पोटात जावे लागतात. बुरशीला तोंडाची वाट लागत नाही, ती सरळ कातडीतून आत शिरते. बीजाणू अळीच्या त्वचेवर चिकटतो, पुरेसा ओलावा असेल तर रुजतो आणि टोकाशी एक चपटी गादी तयार करतो. त्या गादीखालून बारीक खुंटी आत घुसू लागते. कीटकाची त्वचा प्रथिने आणि कायटिन यांची बनलेली असते. बुरशी ती विरघळवणारी विकरे सोडते आणि त्याच वेळी दाबही देते. आत पोचल्यावर ती कीटकाच्या रक्तात सुटी सुटी वाढते. काही जाती विषारी द्रव्येही सोडतात. साधारण चार ते दहा दिवसांत अळी मरते. मेलेली अळी सडत नाही, कडक होते, वाळल्या शेंगेसारखी. हवा दमट असेल तर बुरशी पुन्हा सांध्यांतून बाहेर येते आणि अळीला बीजाणूंचा लेप बसतो. बिव्हेरियाचा पांढरा, खडूच्या भुकटीसारखा. मेटारायझियमचा आधी पांढरा आणि मग गडद हिरवा.

आता त्या तीन मेलेल्या अळ्यांकडे वळू. त्यांच्यावर बुरशी होती हे खरे, पण अळी बुरशीने मेली की मेल्यावर तिच्यावर बुरशी वाढली? ओल्या मातीत मेलेल्या कोणत्याही जीवावर दोन दिवसांत काही ना काही उगवतेच. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या जातींचा हिरवट रंग नवख्या डोळ्याला मेटारायझियमसारखाच दिसतो. शिवाय मातीत अळी मारणारे दुसरेही आहेत. याच मेणकिड्याचे आमिष लावून सूत्रकृमी पकडण्याची पद्धत बेडिंग आणि ॲखर्स्ट यांनी १९७५ सालीच दिली होती, म्हणजे झिमरमान यांच्याही आधी. त्यांपैकी एका गटातील सूत्रकृमींनी मारलेली अळी विटकरी लाल होते आणि लिबलिबीत राहते. जिवाणूंनी मारलेली काळी पडते, मऊ होते, घाण मारते. तक्त्यावर अळीचा रंग, कडकपणा, वास यांपैकी कशाचीच नोंद नव्हती. आम्हीही विचारली नाही.

तिसरी बरणीही नव्हती. प्रेशर कुकरमध्ये वाफवून निर्जंतुक केलेल्या मातीत पाच अळ्या सोडल्या असत्या आणि त्या जगल्या असत्या, तर बाकीच्या बरण्यांत अळ्या हाताळणीने किंवा उपासमारीने मेल्या नाहीत, एवढे तरी म्हणता आले असते.

यापुढचा मुद्दा गणिताच्या शिक्षकांसाठी. दोन्ही माती अगदी सारख्या आहेत आणि दहा अळ्यांपैकी कोणत्या तरी तीन मरणार आहेत, असे समजा. त्या तिन्ही ‘जंगल’ बरणीतल्याच असण्याची शक्यता किती? दहातून तीन निवडण्याचे प्रकार १२०, पाचातून तीन निवडण्याचे १०. म्हणजे बारात एक. तिन्ही ‘शेत’ बरणीतल्या असण्याचीही तेवढीच. म्हणजे दोन्ही मातींत काडीचाही फरक नसताना ‘तीन विरुद्ध शून्य’ असा डोळ्यांत भरणारा निकाल सहातून एकदा लागेल. फाशावर पहिल्याच फेकीला सहा पडला तर आपण फासा खोटा आहे असे म्हणत नाही. खरे तर परिस्थिती याहूनही वाईट आहे. एका बरणीत एक अळी बुरशीने मेली की तिच्यावरचे बीजाणू शेजारणीला लागतात, त्यामुळे पाच अळ्या म्हणजे पाच स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. मोजायची ती बरणी. त्या हिशेबाने हा प्रयोग एक विरुद्ध एक असा होता.

हे सारे दोष बाजूला ठेवले तरी एक राहतोच, आणि तो आम्हाला एका विद्यार्थिनीने अभावितपणे सांगितला. “शेतातली माती नेमकी कुठून घेतलीत?” असे आम्ही विचारले होते. ती म्हणाली, “बांधावरून, सर. खाचरात पाणी होतं ना!”

भोर-वेल्ह्याकडचे शेत पाहिलेल्या माणसाला या उत्तराचा अर्थ लगेच कळावा. इथे ‘शेत’ नावाची एक वस्तू नाही. चिखलणी करून पावसाळाभर पाणी उभे केलेले भातखाचर वेगळे. उतारावरची नाचणी-वरईची वरकस जमीन वेगळी. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजलेली राबाची जागा वेगळी. आणि बांध तर वेगळाच : न नांगरलेला, गवताने बांधलेला, वर्षानुवर्षे न हललेला. बांधाची माती शेतापेक्षा झाडीलाच जवळची. मुलांनी ‘जंगल’ आणि ‘शेत’ यांची तुलना केली असे तक्ता म्हणत होता. प्रत्यक्षात ती तुलना झाडी आणि बांध यांची होती. आणि ‘जंगल’ तरी एक कुठे आहे? देवराईतली दाट सावलीची माती आणि उन्हाळ्यात वणव्याने दरवर्षी काळा पडणारा उघडा उतार हे दोन्ही महसुली कागदावर एकाच रकान्यात जातील. बुरशीच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग खरे काय आहे? या प्रश्नावर जगात बरेच काम झाले आहे आणि त्याचे उत्तर तक्त्याच्या नेमके उलट नसले तरी आडवे जाणारे आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात बिडोचका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली शेतांतील व जंगलांतील मातीची तुलना प्रसिद्ध केली. तीत मेटारायझियम शेतजमिनीत जास्त आढळली, बिव्हेरिया जंगलात जास्त. फिनलंडमध्ये त्याआधी दोन वर्षे व्हॅनिनेन यांनीही मेटारायझियमचा ओढा मशागतीच्या जमिनीकडे असल्याचे नोंदवले होते. डेन्मार्कमध्ये मायलिंग आणि आयलेनबर्ग यांनी २००६ साली एकाच सेंद्रिय शेतावरच्या दोन जागा तपासल्या. झुडपांच्या कुंपणाखाली बिव्हेरिया जास्त आणि नांगरलेल्या भागात मेटारायझियम जास्त, हाच प्रकार पुन्हा दिसला. म्हणजे शेताची माती मेलेली तर नाहीच. तिथे राहणारे वेगळे आहेत, इतकेच.

बिडोचका यांचे २००१ सालचे काम याहून बोलके आहे. ऑन्टारिओतील मेटारायझियमचे दोन आनुवंशिक गट त्यांना सापडले. एक जंगलाच्या मातीतला, तो थंडीतही वाढू शकतो. दुसरा शेताच्या मातीतला, तो उष्णता आणि अतिनील किरण अधिक सोसतो. तोवर समज असा होता की या बुरशीचे गट ती कोणता कीटक मारते त्यावरून पडत असतील. ते पडले होते ती कुठे राहते त्यावरून. कीटक तिच्या आयुष्यातला एक प्रसंग, पत्ता मात्र मातीचा. पुढे २००९ मध्ये बिशॉफ, रेहनर आणि हंबर यांनी ‘मेटारायझियम ॲनिसोप्ली’ या एका नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत हे दाखवून दिले.

आणि पत्ता नुसता मातीचा नाही, तो मुळांचा आहे. अमेरिकेत हू आणि सेंट लेजर यांनी कोबीच्या शेतात खुणेसाठी चमकणारे जनुक घातलेली मेटारायझियम सोडली आणि ती कुठे टिकते याचा माग ठेवला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत, मोकळ्या मातीत काही महिन्यांत तिची संख्या ग्रॅममागे एक लाखावरून एक हजारावर आली. मुळांच्या अगदी लगत मात्र ती एक लाखावर टिकून होती. त्यानंतर २०१२ मध्ये बेही, झेलिस्को आणि बिडोचका यांनी नत्राच्या जड समस्थानिकाने खूण केलेल्या मेणकिड्याच्या अळ्या मातीत ठेवल्या. मेटारायझियमने त्या मारल्या आणि त्यांच्यातले नत्र मुळांतून घेवड्याच्या झाडात पोचवले. वर्गात आपण नत्रचक्र शिकवतो तेव्हा या वाटेचा बाण आकृतीत नसतो. तो काढायला हवा.

इथे आम्हाला एक तोल सांभाळायला हवा. कॅनडा, फिनलंड आणि डेन्मार्क यांच्या अभ्यासांवरून ‘शेतात मेटारायझियम जास्त’ असा दुसरा तक्ता रंगवून वरवे बुद्रुकच्या शाळेत टांगला, तर तीही तीच चूक होईल. त्या शेतांत भाताची खाचरे नाहीत. बुरशीला प्राणवायू लागतो. चिखलणी केलेल्या, तीन-चार महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत तो फार थोडा असतो. त्या शेतांत राब भाजत नाहीत. तिथे एप्रिल-मेचे ऊन नाही. आपल्याकडे कदाचित बांध आणि वरकस हेच या बुरशीचे माहेर असेल आणि खाचर ही फक्त हिवाळ्यातली वस्ती असेल. हा आमचा तर्क आहे, तो तपासून घ्यावा लागेल.

महाराष्ट्रात या दिशेने काम झालेच नाही असे मात्र नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे यांच्या गटाने स्थानिक बुरशींवर अनेक वर्षे काम केले. मेटारायझियम, बिव्हेरिया आणि नोमुरिया यांचे वाण तुरीवरील घाटेअळीसाठी शेतात तपासल्याचा त्यांचा निबंध २००४ सालचा आहे, आणि हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी मेटारायझियमच्या अनेक वाणांची तुलना २००८ सालची. या कामात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एकाच जातीचे वाण सारखे निघत नाहीत. कोणाचे बीजाणू लवकर रुजतात, कोणाची विकरे जोमदार असतात, कोणी प्रयोगशाळेत शूर आणि शेतात मवाळ. पाकिटावर जातीचे नाव वाचून ही माहिती मिळत नाही.

पाकिटाचाच विषय निघाला आहे तर एक हिशेब करू. पाकिटावर सामान्यतः ग्रॅममागे दहा कोटी जिवंत बीजाणू असे लिहिलेले असते. समजा एकरी एक किलो वापरले, तर एकूण दहा हजार कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. आता एकराची वरची दहा सेंटिमीटर माती धरा. सुमारे चार हजार चौरस मीटर गुणिले दशांश मीटर, म्हणजे चारशे घनमीटर, वजन पाचशे टनांच्या आसपास. भागाकार केला तर ग्रॅमभर मातीत जेमतेम दोनशे बीजाणू येतात, तेही सगळे जिवंत असतील तर. वर कोबीच्या शेतातला आकडा पाहिलाच आहे : मोकळ्या मातीत ओसरल्यावरही ग्रॅममागे हजार. म्हणून भुकटी रानभर फुंकरण्यात अर्थ नसतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, वाफसा असताना, मुळांपाशी द्यावी असे जाणकार सांगतात त्याचे कारण या भागाकारात आहे. आणि ‘सगळे जिवंत असतील तर’ ही अटही साधी नाही. बीजाणू उष्णतेने मरतात. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळा काढलेल्या पाकिटावर छापलेला आकडा कमी होत नाही, आतला होतो.

यावरून पाकिटे निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणतो असा अर्थ कोणी काढू नये. उसातल्या हुमणीवर मातीत जाऊन काम करू शकणारे उपाय मोजके आहेत आणि मेटारायझियम त्यांतला एक आहे. तिचा शोधच मुळी हुमणीच्या भाईबंदांवर लागला. मेचनिकॉफ यांनी १८७९ साली ओडेसाजवळ गव्हावरच्या ॲनिसोप्लिया नावाच्या भुंगेऱ्यावर ती पाहिली, आणि ‘ॲनिसोप्ली’ हे नाव त्या भुंगेऱ्यावरूनच आले. आमचे म्हणणे एवढेच की पाकीट हे औषध आहे, आणि औषध देण्याआधी रोग काय आहे ते पाहावे लागते. ‘शेताची माती मेलेली’ हे निदान कोणी केले, कोणत्या बरणीवरून केले, हे विचारायला हवे.

‘मित्रबुरशी’ या शब्दाबद्दलही आमची तक्रार आहे. शब्द गोड आहे, शेतकऱ्यांच्या तोंडी बसला आहे, तो आता जाणार नाही. परंतु वर्गात तो वापरताना थोडे थांबावे. इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली एक सूक्ष्म जीव प्राण्यांत रोग पसरवू शकतो हे प्रथम सिद्ध केले, तो रोग रेशीमकिड्यांचा होता आणि तो जीव होता बिव्हेरिया. तिच्या ‘बॅसियाना’ या नावात बास्सीच आहेत. तुतीची बाग असणाऱ्या शेतकऱ्याला शेजारच्या रानात फवारलेली ही ‘मित्र’ कशी वाटेल? बुरशी कोणाशी मैत्री करत नाही. तिला कायटिनच्या आतले अन्न हवे असते आणि मुळांकडची साखर हवी असते. त्यातून आपला फायदा कधी होतो, कधी होत नाही.

तो प्रयोग कोणा शिक्षकाला पुन्हा करायचा असेल तर अवश्य करावा, आम्ही आनंदाने मदत करू. मेणकिड्याच्या अळ्या मधुमक्षिकापालकांकडे फेकायला काढलेल्या पोळ्यांत मिळतात. पुण्यात तर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाच आहे. खाचर, बांध, वरकस आणि झाडी अशा चार जागा घ्याव्यात, प्रत्येक जागेत निदान पाच ठिकाणांहून वेगवेगळी माती घ्यावी आणि ती एकत्र करू नये. प्रत्येक नमुन्याची बरणी वेगळी, शिवाय वाफवलेल्या मातीच्या काही बरण्या. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये इतकी ओल ठेवावी. बरण्या सावलीत ठेवाव्यात आणि पहिले काही दिवस रोज उलट्या-सुलट्या कराव्यात, म्हणजे अळ्या एका कोपऱ्यात जाळे करून बसणार नाहीत. मेलेली अळी बाहेर काढून सौम्य ब्लीचिंग द्रावणात बुडवावी, पाण्याने धुवावी आणि झाकणाच्या बशीत ओल्या टिपकागदावर ठेवावी. बाहेरची उपरी बुरशी ब्लीचिंगने बरीचशी जाते. त्यानंतर अळीच्या आतून जी वर येते तिची नोंद करावी : रंग, कडकपणा, वास, मेल्याचा दिवस. बुरशी आल्यावर बशी उघडू नये. ॲस्परजिलस असेल तर तिचे बीजाणू फुप्फुसाला चांगले नाहीत, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांनी हे काम दुरूनच पाहावे. शेवटी सगळे उकळत्या पाण्यात टाकावे.

माती दोनदा घ्यावी : भाताची कापणी होऊन खाचर सुकल्यावर एकदा आणि मृगाच्या आधी, राब भाजून झाल्यावर एकदा. चिठ्ठीवर नुसते ‘शेत’ असे लिहू नये. बांधावरून घेतली असेल तर ‘बांध’ असे लिहावे.